एरोड्रमवरचा वजनकाटा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही एक गोष्ट तुझ्याशी बोलायची राहूनच गेली. आपलं राज्य अजून मध्यभारत होतं, तेव्हाचे दिवस. तुझा धाकटा भाऊ अत्यवस्थ आहे अशी मुंबईहून तार आली. खांडव्यावरून गाडीने जाईपर्यंत तो भेटेल की नाही, म्हणून बाबांनी आपल्या दोघींना विमानाने पाठवायचं ठरवलं. ते स्वतः बेटम्याला ड्यूटीवर होते. आपण मल्हारगंजातल्या घरून टांग्यानं एरोड्रमवर गेलो. पत्र्याची एक शेड, पुढे नुसता माळ, आणि विमान उतरायच्या आधी गाई हाकलणारा चौकीदार.

शेडमध्ये सियागंजच्या बाजारात पोती तोलतात तसला काटा. सगळ्यांसमोर त्यावर उभं राहायचं. तू पदर घट्ट लपेटून चढतेस, तिकिटांचा बाबू आकडा मोठ्यानं वाचतो, बाकावरचे दोन शेठ हसतात. मी दुसरीकडे बघते. मग माझी पाळी. बाबू हिशेब करून म्हणतो, "माताजी, धूप बहुत है, जहाज इतना वजन नहीं उठाएगा. आपमें से एक ही जा पाएगी. बिटिया हल्की है, वो चली जाए."

"सामान ठेवून जाते की," तू म्हणालीस. मामासाठी केलेल्या लाडवांचा डबा, वळकटी, सगळं खाली ठेवून पुन्हा काट्यावर चढलीस. तरी जमेना. तेव्हा तू हळूच विचारलंस, "मी फारच जड आहे का गं?" त्या शेठांकडे पाठ करून मी "हो" म्हणाले. तू उतरलीस. "मग तू जा. त्याला सांग, मी निघाले होते."

मामानं मला पाहिलं आणि माझ्यामागे दाराकडे बघत राहिला. "अक्का?" मी तुझा निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

घरी आल्यावर तू त्याचं सगळं खोदून खोदून विचारलंस. मग म्हणालीस, "एकटीला विमानात भीती वाटली असेल ना?" मी "हो" म्हणून मान हलवली आणि तू मला जवळ घेतलंस.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच हे लिहवतंय. भीती नव्हती वाटली, आई. विमान उठलं, खाली तळं चमकलं, आणि मी तुला विसरले, मामालाही. काचेला नाक लावून हसत होते. मुंबई इतक्या लवकर आली, याचंच मला वाईट वाटलं होतं.