शेवटचं रीळ आधी

ता. ४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे, माझंच काय ते अडलंय. डोकेदुखी थांबेना म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. गाठ आहे की नाही ते त्यातच कळणार. पण त्या अरुंद नळीत सरकवलं, बाहेरून ठकठक सुरू झाली आणि मी ओरडून बाहेर आले. एकदा नव्हे, दोनदा. तुझे मेहुणे म्हणाले, चपलेनं झुरळं मारणारी बाई ती हीच का! आता सोळा तारखेला बोलावलंय. खरं सांगू? नळीपेक्षा उत्तराचीच धास्ती वाटते. काहीतरी लिही.

तुझी भागू


ता. ८ मार्च

चि. भित्र्या भागूबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, देवापुढे जरा बसलो, मग लिहायला घेतलं. समुद्रातल्या लोखंडी गोळ्याचा सिनेमा आठवतो? आकाशातून पडलेलं ते जनावर बाहेरून ठोकतंय आणि आत शास्त्रज्ञ बाई एकटी. मी थिएटरात मशीनवर नवा होतो. तू केबिनमध्ये माझ्या स्टुलाला धरून हुंदके देत होतीस. तेवढ्यात माझ्या हातून सहाव्या रिळाच्या जागी शेवटचं, सातवं लागलं. खाली शिट्ट्या, शिव्या. मालकांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. पण बाई बोटीवर चहा पीत बसलेली तू आधीच पाहिलीस. मग सहावं लागलं, जनावर आलं, तरी तू आपली शेंगदाणे खात होतीस.

तोच सिनेमा अजून का आवडतो, असं लोक विचारतात. दोनशे वेळा तरी लावला असेल. अंगावर काटा दर वेळी येतो. पण रीळ वीस मिनिटांचं असतं, पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका दिसला की ते संपतं, हे ठाऊक असतं. आणि ती बाई डोळे मिटून बसत नाही. दिवा लावून काचेतून बघते, म्हणूनच वर येते.

किती मिनिटं लागतील ते आधी विचारून घे. आणि शेवटचं रीळ आधी लाव.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

दादा


ता. १८ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

गाठ नाही! शिवणयंत्रावर वाकून वाकून मान आखडली आहे, एवढंच. रिपोर्टाचं पाकीट मी माझ्या हातानं फोडलं.

नळीत जायच्या आधीच मी मनात बाहेर आले होते: पायात चपला, यांच्या हातात चहाचे दोन कप. ठकठक सुरू झाली तशी शेंगदाणे आठवून हसू फुटलं. तंत्रज्ञ बाई माइकवरून ओरडल्या, हलू नका!

एक विचारते. डब्यांवरचे आकडे तूच रंगवायचास, वीतभर मोठे. तरी सहाच्या जागी सात? तीस वर्षं तुला धांदरट म्हणत आले. तिथे पडल्यापडल्या वाटलं, हा धांदरट नव्हताच.

लोभ आहे तस्सा असू दे.

तुझी भागू


ता. २२ मार्च

चि. भागूस,
अनेक आशीर्वाद.

देवापुढे आज मागायला काही नव्हतं, नुसताच बसलो. मालक जाऊन आता चार वर्षं झाली, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

मान जप.

दादा