भीमाचे डोळे

१४ एप्रिल
माळ्यावरून भीमाचा मुखवटा खाली काढला. एक गाल उंदरांनी कुरतडलाय, बाकी ठीक. कागदाचा लगदा भिजत घातला, चिंचोक्याची खळ शिजवली. बोहाडा, आमचा सोंगांचा नाच, आखातीनंतर, अक्षय्य तृतीया झाल्यावर. म्हणजे वेळ आहे. 'वेळ आहे' असं मी म्हटलं की काम हमखास रखडतं, हे आई म्हणायची.

संध्याकाळी माळावर जाऊन रघूला फोन. घरात रेंज नाही, माळावरच्या खडकावर चढलं की एक दांडी येते. धाकटा भाऊ, बोटीवर खलाशी आहे, डहाणूच्या बाजूला. मागे इंजिन धडधडत होतं. म्हणाला, "दादा, रंग दे, पण डोळं ठेव. मी आलो का काढ."
मला शिकवतोय. डोळे शेवटी, आणि सोंग नाचवणारा समोर बसला की त्याचे बघून काढायचे, ही रीत आजोबांपासूनची. आमच्या घराला शेत नाही, भीम आहे. गुडघे गेले तेव्हा मी तो रघूच्या डोक्यावर चढवला. आता शिवणयंत्र, रंग आणि बडबड एवढंच माझ्याकडे.

१६ एप्रिल
पार्वती, म्हणजे रघूची बायको, उजाडताच मोहफुलं वेचायला गेली. सगळ्या पाड्यात तोच गोड वास. दुपारी नुसतं बसलं तरी झिंग येते.

भावजय थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. म्हणून मला सांगायचं ते ती मांजराला सांगते. "मांजरा, दादाला सांग, भाकर निवते." मांजर माझ्याकडे बघतं, मी मांजराकडे. आमची ही गेल्यापासून घरातला सगळा कारभार त्या मांजरामार्फत चालतो. पार्वतीचा चेहरा मला अजून नीट माहीत नाही. पदर, पाठ, हातातली टोपली. आवाज मात्र पाठ आहे.

१९ एप्रिल
गाल भरला. पांढरा हात दिला. डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या वाट्या. तसाच ओट्यावर ठेवला तर येणारे-जाणारे वळून बघतात.

माळावरून पश्चिमेला कधीकधी एक चकचकीत रेघ दिसते. लहानपणी रघू म्हणायचा दर्या, मी म्हणायचो धुकं. त्यावरून मारामाऱ्या केल्या. आज दिसली. बराच वेळ बघत बसलो, डोळे मिटले तरी दिसत होती. दर्याच असेल.

रघू फोनवर म्हणाला, आखातीच्या आदल्या दिवशी उतरतो.

२२ एप्रिल
दुपारी पश्चिमेकडून आभाळ वांग्यासारखं झालं. वारा आला तो वेगळाच. चैत्रात असला वारा मी पाहिला नाही. पाटलांच्या राबावर पार्वती रोजाने जाते. रोपांसाठी जाळायला पसरलेला तो सगळा पालापाचोळा उठला आणि पाड्यावरून उडत गेला. थोडा वेळ वर पक्ष्यांऐवजी पानंच. मग गारा, मग पाऊस. कौलं गेली.

भीम अंगणात वाळत होता. मी पोचेपर्यंत मोहाखाली लोळत होता, ओला गच्च, रंग हनुवटीवरून ओघळलेला. मी म्हटलं, "वाऱ्याचाच पोर हा. बापानं तोंड धुतलं पोराचं." आत पार्वती हसली. मला चांगलं ऐकू आलं.

राब, कौलं, भीम. यातच संध्याकाळ झाली. हा वारा कुठून आला, वाटेत काय होतं, हे कुणाच्या डोक्यातच नाही. अंधारताना पार्वती मांजराला म्हणाली, "मांजरा, हा वारा दर्यावरून आला ना?"
मांजर जेवत होतं. मी पण.

२३ एप्रिल
फोन बंद.
माळावर अर्धा पाडा गोळा झालेला. किनाऱ्याला घरांची छपरं गेली, चिकूच्या वाड्या आडव्या, बोटी एकमेकींवर आदळून फुटल्या. ज्या बंदरात होत्या त्यांचं हे. ज्या बाहेर होत्या त्यांचं

फोन बंद.

२५ एप्रिल
एसटीने खाली गेलो. जव्हारचा घाट उतरताना सगळं जिथल्या तिथे होतं, पळस, करवंदाच्या जाळ्या, टपऱ्या. मला वाटलं, उगाच चाललोय.

बंदरात रस्ताच वाळूचा. नारळाच्या झावळ्यांत जाळी अडकलेली, निळी, हिरवी, कुणीतरी सजवल्यासारखी. मासळी वाळवायच्या बांबूंचा एक ढीग. एक बोट पाण्यापासून लांब, लोकांच्या अंगणात, तिच्या सावलीत बाया बसलेल्या. दर्या मात्र शांत. झोपून उठलेल्या माणसासारखा. त्याचा फार राग आला.

रघूच्या तांडेलाची आई भेटली, म्हातारी. तिचा हा मुलगाच रघूची बोट चालवतो.
"तू कोन त्याचा?"
"थोरला."
तिने बसायला फळी दिली. म्हणाली, दोन बोटी गुजरातकडे कुठल्या बंदरात लागल्यात म्हणतात, नावं कळली नाहीत. "एक आपली असंल." मग चहा ओतताना, "नसंल बी." चहात वाळू होती. दोघांनी प्यायला.

२६ एप्रिल
सकाळी घरी. सगळं मांजराला सांगितलं. 'नसंल बी' हे गाळलं.
आतून विचारणा, "मांजरा, अजून काय म्हनली म्हातारी?"
मांजराला खोटं बोलता येत नाही म्हणून सांगितलं.

रोज सकाळ-संध्याकाळ माळावर. फोनमधली तीच बाई सांगते, बंद आहे. तिचा आवाज इतका गोड का ठेवतात.

२८ एप्रिल
भीमाला परत रंगवलं. दुसरं काय करू. लाल, पिवळा, मिशा काळ्या. दुपारी डोळा लागला तर स्वप्नात आमच्या दारापर्यंत पाणी, त्यावर मोहफुलं तरंगतायत, आणि रघू गुडघाभर पाण्यात ती वेचतोय. मी विचारलं, भिजलास का रे? तो म्हणाला, नाय दादा, हे धुकं आहे.
जागा झालो तर उशी ओली. खूप रडलो मग. पार्वती बाहेर होती, बरं झालं.

३० एप्रिल, आखाती
आदल्या दिवशी उतरतो म्हणाला होता.

संध्याकाळी धोंडूबाबा आले, बोहाड्याचे जाणते. ओट्यावर बसले, तंबाखू मळली, भीमाकडे बघितलं नाही.
"सोंग रितं ठेवता येत नाय. यंदा बाळूच्या घरी द्या. नाचंल तो."
"आणि पुढच्या साली?"
"पुढचं पुढं."
पुढचं काय ते दोघांनाही माहीत. एकदा दिलेलं सोंग त्याच घरात राहतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाळूला समोर बसवून मी डोळे काढले की सगळा पाडा समजणार, रघूची वाट बघणं आम्ही सोडलं. मी पण समजणार.
उद्या सांगतो म्हटलं. धोंडूबाबा वाईट माणूस नाही. जाताना चप्पल घालायला विसरले.

१ मे
काही सांगितलं नाही. रंग खलून ठेवला, सुकला, परत खलला.

२ मे
सकाळी भीम मांडीवर घेऊन बसलो होतो. पार्वती आतून आली. मांजराला उचललं, बाहेर ठेवलं, दार लोटलं. मग माझ्यासमोर पाट मांडला, बसली, पदर मागे सारला.
"दादा, डोळं काढा."
मी दाराकडे बघितलं. म्हटलं, "मांजर कुठाय?"
"मांजर नाचनार हाय का?"

काढले. फार वेळ लागला. तिचे डोळे तपकिरी, उजव्या पापणीवर तीळ. माझ्या घरात इतकी वर्षं हे डोळे होते. ती एकदाही हलली नाही. पाणी आलं तेवढं येऊ दिलं, पुसलं नाही.

झाल्यावर तिने भीम तोंडावर धरून बघितला. आतून म्हणाली, "यातून तं काहीच दिसत नाय. कसा नाचतो हा?"
"संबळ ऐकून," मी म्हटलं. "पाय ऐकतात."

३ मे
दिवे लागल्यावर तिला बोहाड्याला घेऊन गेलो. वर रघूचाच अंगरखा, मी रात्रीतून कमी केलेला. बाया कुजबुजल्या. बाळूने बाजूला होऊन वाट दिली. धोंडूबाबांनी बराच वेळ भीमाच्या डोळ्यांकडे पाहिलं. म्हणाले, "घरातलंच मानूस ना? मग झालं."

संबळ वाजला. पहिल्या गिरकीलाच ती डाव्या अंगाने फिरली. सगळे उजव्या अंगाने फिरतात. डाव्याने फक्त रघू, त्याची खोड. तिने बघितलं असेल दरवर्षी. बघितलंच असणार. पण मशालीत तो अंगरखा, ती गिरकी. मी जागेवरून उठलो होतो, हे शेजारच्याने खाली ओढलं तेव्हा कळलं.

४ मे
सकाळी दोघं माळावर. ती चार पावलं मागे नाही, बरोबर चालत होती. भीम तिच्या कडेवर. घरी ठेव म्हटलं तर नाही म्हणाली.
पश्चिमेला आज रेघ नव्हती. खडकावर चढलो, रघूचा नंबर लावला.
ती गोड बाई बोललीच नाही.
"काय झालं दादा?"
"वाजतोय."
तिने भीम दुसऱ्या कडेवर घेतला. वाजत राहिला, वाजत राहिला, थांबला. उचलला नाही कुणी.
"परत लावा," ती म्हणाली.
लावतोय.