काचेवरचा गळालेला मणी

माय, आज पहाटे मी ग्रहण पाहिलं. चोरून नाही, दाराआडून नाही. गच्चीवर खुर्ची टाकून, शाल गुंडाळून, चंद्राची कड खाल्ली जायला लागल्यापासून तो मावळेपर्यंत. सोबत तुझ्या शेंडेफळाचा नातू होता. त्याच्याकडे कॅमेरा आहे आणि त्यात रंगीत रीळ. “आत्याआजी, तुम्ही कशाला थंडीत बसता, मी फोटो दाखवीन की,” असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, ग्रहणाचा फोटो मी जन्मभर बघत आलेय, आता एकदा ग्रहण बघू दे. त्याला काय कळलं कुणास ठाऊक. हसला आणि आपल्या कामाला लागला.

तो फोटो म्हणजे अण्णांची काच. तू गेलीस तेव्हा अजून निजामाचं राज्य होतं, घरात शेणाची जमीन होती, आणि ती काच देवळीत फडक्यात गुंडाळलेली होती. राज्य गेलं, जमिनीवर फरशी आली, काच अजून आहे. तिच्यावरून मला तुला एक विचारायचं आहे. तू होतीस तेव्हा मी ते एकदाच विचारलं होतं आणि तू मला भाकरी दाखवलीस. त्याचं पुढं सांगते.

ज्या पहाटेबद्दल विचारायचं आहे त्या पहाटे मीही तिथंच होते, पण तुझ्या पोटात. त्यामुळे मला ठाऊक आहे ते सगळं ऐकीव. थोडं आत्याबाईंकडून, थोडं अण्णांकडून, आणि तुझ्याकडून जवळजवळ काहीच नाही. कॅमेरा आपल्या गेवराईच्या घरात कसा आला ते मात्र तू स्वतः रंगवून सांगायचीस. अण्णा तामीरात खात्यात कारकून, रस्ते आणि पुलांचे कागद उर्दूत लिहिणारे. त्यांच्या साहेबाची बदली झाली, बैलगाडीत सामान मावेना, तेव्हा त्यानं ती लाकडी पेटी, तिचे तीन पाय आणि फोटो उमटवायच्या उरलेल्या काचा अण्णांच्या हवाली केल्या. अण्णांनी परसात पेटी उभी केली आणि त्यांच्याआधी तूच काळ्या कापडात डोकं घातलंस. आत्याबाई बघतच राहिल्या. मागच्या दुधी काचेवर आपला कडुलिंब शेंडा खाली करून उभा होता आणि त्याची पानं हलत होती. तू बाहेर येऊन म्हणालीस, “उलटं हाय, पर खरं हाय.” हे वाक्य अण्णा म्हातारपणीही सांगायचे आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

तुला सगळंच जाणून घ्यायचं असायचं, माय. कासार आला की बांगड्या भरताना तू त्याला विचारायचीस, ही काच कशाची करतात, वाळूची कशी, वाळू तर आपल्या गोदावरीत पण हाय. बिचारा बांगडी भरायचा की उत्तरं द्यायचा.

आणि अशा बाईला त्या ग्रहणात बंद खोलीत बसायचं होतं. माझ्याआधीची तुझी दोन मुलं राहिली नव्हती. आत्याबाई, अण्णांच्या थोरल्या बहीण, लहानपणीच विधवा होऊन आपल्याकडे आलेल्या. या खेपेला त्यांनी कंबर कसली होती. पाण्यावर तुळशीपत्र, दुधावर दर्भ, आणि तुला आसनावरून हलायचं नाही, काही चिरायचं नाही, चंद्राकडे तर मुळीच बघायचं नाही. त्यांना मी कधी दुष्ट म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. ती दोन्ही मुलं त्यांच्याच मांडीवर गेली होती.

त्यात अण्णांनी काढलं की ग्रहणाचा फोटो घ्यायचा. काच एकच उरली होती. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, ठराविक वेळानं भिंगाचं झाकण काढायचं आणि लावायचं, म्हणजे चंद्र पुढं सरकत जाईल आणि एकाच काचेवर एकापुढं एक उमटेल, असा त्यांचा हिशोब.

“गिऱ्हाणात कुनी असलं अवजार हातात धरतं व्हय? आन् बायको आत आवघडलेली,” आत्याबाई म्हणाल्या.

“आक्का, याला धार नसती.”

“मला शिकवू नगंस.”

अडचण वेळेची होती. घरात घड्याळ नव्हतं, कचेरीचे टोल तासातासाला पडायचे. तेव्हा आतून तू म्हणालीस, “जप तर मला करायचाच हाय. माळ सरली की सांगत जाईन. त्येवढ्यानं काम व्हतं का बघा म्हनावं.” ग्रहणातला जप पुण्याचा, त्यात आत्याबाईंना खोट काढता येईना. मला नेहमी वाटत आलंय की तू त्या फोटोत शिरायची वाट शोधलीस. दुसरं काही नाही, निदान मोजणी तरी आपली असावी.

तर परसात अण्णा, पश्चिमेकडं तोंड करून, पाठ घराकडं. परसदारच्या उंबऱ्यावर पाट टाकून आत्याबाई. आत अंधारात तू आणि मी. माळ संपली की तू म्हणायचीस, “झाली.” अण्णा झाकण काढायचे, लावायचे. पुन्हा जप, पुन्हा “झाली.” चंद्र खाली खाली चाललेला आणि कडेनं खाल्ला जात होता. मग पलीकडच्या गल्लीतून आरोळी आली, “दे दान, सुटे गिऱ्हाण.” आत्याबाई सुपात ज्वारी घेऊन पुढच्या दाराला गेल्या. ग्रहणाचं दान त्या दुसऱ्या कुणाच्या हातून देऊ देत नसत. उंबऱ्यावरचा पाट तेवढ्यापुरता रिकामा झाला.

सकाळी चंद्र तसाच ग्रासलेला मावळला. अण्णांनी कोठीच्या खोलीत काच धुतली आणि वाळल्यावर उजेडात धरली. अशा काचेवर सगळं उलट्या रंगाचं असतं, उजेड काळा आणि अंधार कोरा. चंद्र इतका बारका आला होता की अण्णांचा चेहरा पडला. राळ्याच्या दाण्याएवढे काळे ठिपके तिरप्या ओळीत उतरत गेलेले, तुझ्या पोतीतल्या मण्यांसारखे, आणि पुढचा प्रत्येक मणी आधीच्यापेक्षा जास्त कुरतडलेला. सगळे सारख्या अंतरावर. फक्त चंद्र पुरता झाकायला आला तिथं एक मणी गळालेला आहे. तिथं दुप्पट अंतर पडलंय. पुढं नुसते धुरकट डाग, आणि कडेला उजाडल्याची काळोखी.

अण्णांनी विचारलं, तू म्हणालीस, “डोळा लागला.” त्यांनी काच फडक्यात गुंडाळली.

मग माझा जन्म झाला, आणि आत्याबाईंनी दिवा जवळ आणून माझ्या डाव्या गालाखालचा तांबूस डाग पाहिला.

“उठली व्हतीस. कावून उठलीस?”

“म्या आसनावरनं हलले न्हाई, वन्सं.”

“मी दान द्यायला गेल्ते तवाच माळ थांबली. काचंवर दिसतंय म्हनं की.”

“डोळा लागला व्हता.”

जन्मभर तू याच्यापुढं एक शब्द बोलली नाहीस. मला बघायला पाहुणे यायचे, डाग कशाचा म्हणून विचारायचे, आत्याबाई “गिऱ्हाणाचा” म्हणायच्या, आणि सगळे माझ्याकडं बघायचं सोडून तुझ्याकडं बघायचे. नंतरच्या प्रत्येक ग्रहणात आत्याबाई तुझ्या पदराला आपल्या पदराची गाठ मारून बसायच्या. पोटात मूल असो वा नसो. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. दोघी एकाच पदरात बांधलेल्या, दोघींच्या हातात माळ, आणि दोघी एकमेकींवर रागावलेल्या.

मी परकर सोडून लुगडं नेसायला लागले त्या सुमाराची गोष्ट. तू चुलीपुढं होतीस, आत्याबाई देवळात गेलेल्या. मी विचारलं, “माय, तू बघितलं व्हतंस का?” तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग तू म्हणालीस, “भाकरी कशी फुगली बघ.” खरंच फुगली होती, टम्म. ती उतरवलीस, आणि पिठानं माखलेला अंगठा माझ्या डागावर टेकवलास.

“दुकतो का गं त्यो?”

“न्हाई.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

एवढंच. मला तेव्हा राग आला होता. उत्तर नको असेल तर सरळ नाही म्हणावं, भाकरी कशाला मध्ये आणावी.

तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, आत्याबाईही गेल्यावर, मी अण्णांना विचारलं. ते खाटेवर बसून होते, काच त्यांनीच मागून घेतली होती. गळालेल्या मण्यावर नख ठेवून म्हणाले, “या जागंनंतरची ‘झाली’ हाय ना, ती जवळनं आली.”

“म्हंजी?”

“आवाज जवळनं आला. पाठीमागनं. आधीच्या समद्या आतून आल्या व्हत्या.”

“मग तुमी मागं वळून बघितलं न्हाई?”

“वळलो असतो तर मला म्हाईत झालं असतं. मग आक्कानं इचारल्यावर काय सांगितलं असतं मी? तिच्याशी खोटं बोलाया येत नव्हतं मला कदी.”

ते खोटं बोलणार नव्हते आणि तुला उघडं पाडणारही नव्हते, म्हणून तेवढा वेळ माणूस पाठमोरा उभा राहिला. मला त्या दिवशी तुमचा दोघांचा फार हेवा वाटला, आणि रडूही आलं.

म्हणजे तू उठली होतीस. पोटात मला घेऊन रिकाम्या उंबऱ्यापाशी आलीस, अण्णांच्या खांद्यावरून पाहिलंस आणि मोजणी विसरलीस. इथवर माझं मलाच जुळवता आलं. पण मला विचारायचं होतं ते त्याच्या पुढचं. तुला काय दिसलं? काचेवर रंग नाही. अण्णा सांगायचे, लालसर होता, पण त्यांना लाल आणि तपकिरी यातला फरक कधी कळला नाही, तुझं लुगडं कोणत्या रंगाचं हेही ते चुकायचे. तू भ्यालीस का? की कडुलिंबाकडं पाहिलं होतंस तशीच खूश झालीस? एकदाच मिळालं तुला, तेही एक माळभर.

म्हणून आज मी पाहिलं. सांगते तुला, कारण तू मला सांगितलं नाहीस. चंद्र आधी कडेनं मळला. मग उरलेला उजेड नखाएवढा झाला आणि आतला भाग हळूहळू दिसायला लागला, गोल, भरीव, हाताला लागेल असा. तोवर चंद्र मला नेहमी ताटलीसारखा चपटा वाटायचा. मला भीती वाटली नाही. पोरगा म्हणाला, “आत्याआजी, श्वास घ्या,” तेव्हा कळलं की मी धरून ठेवला होता.

हे पत्र टपालात जायचं नाही, काचेच्याच फडक्यात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. चंद्र तसा तांबडा असतानाच मी खाली आले, दिवा लावला आणि आरसा घेतला. गाल ताणून डाग नीट पाहिला, पुन्हा जिना चढून चंद्र पाहिला, गुडघे दुखत असताना पुन्हा खाली आले. रंग जुळत नाही, माय. चंद्र विस्तवावरच्या तव्यासारखा होता आणि माझा डाग नुसता कोऱ्या चहाचा. जन्मभर पदर पुढं ओढून मी तो झाकला, आणि आज आरशापुढं उभी राहून, तुला दिसलं त्यातलं माझ्याकडं काहीच आलं नाही म्हणून मला वाईट वाटलं. जुळायला हवा होता.