आयपीएमला वास नसतो

८ जानेवारी १९९६, सोमवार
नवी डायरी. संकल्प: चहा दोनच कप, रोज प्राणायाम. सर्दी गणपतीपासून आहे, जाईल. तळोज्याची हवाच तशी.
आज आयपीएमची बॅच निघाली. क्रीम चिकट लागू नये म्हणून त्यात घालतात ते तेल. चांगल्या आयपीएमला वास नसतो, आणि तो नाही ना, हे हुंगून ठरवायचं काम लॅबमध्ये माझं. हुंगलं. रजिस्टरात लिहिलं, ‘वास: नाही’. बॅच पास. सतरा वर्षांचं नाक आहे हे!

११ जानेवारी
दूध करपलं. मी गॅसशेजारीच पेपर वाचत होतो. मीना म्हणाली, अहो, सगळ्या जिन्यात वास सुटलाय. तिला सांगितलं, विचारात होतो.

१६ जानेवारी
क्रीमवाल्यांनी चार ड्रम परत पाठवले. खवट खोबऱ्यासारखा वास येतो म्हणे. मॅनेजर वर्तक रुमाल नाकाला लावून उभे. मी ड्रममध्ये तोंड घालून हुंगलं. शुद्ध माल. हल्ली लोक फार शेफारलेत.

१७ जानेवारी, संध्याकाळी
परत आलेल्या मालाची बाटली गुपचूप घरी आणली. मीनाने हुंगली. शी, आधी बाहेर टाका, म्हणाली. प्लॅन सुचला: रोज सॅम्पल आणायचं, तिने फक्त हो की नाही सांगायचं. ती म्हणाली, त्यापेक्षा डॉक्टरकडे चला.
भीती वाटते. लॅब गेली तर मी कोण? हे पुन्हा लिहिणार नाही.

२२ जानेवारी
पाच दिवस निलगिरीचा वाफारा. नाक आता एकदम फर्स्ट क्लास.
वर्तकांनी पुढ्यात दोन बाटल्या ठेवल्या. खराब कुठली, विचारलं. डावी, म्हटलं. म्हणाले, दोन्ही.

२९ जानेवारी
बदली. सांडपाण्याच्या प्लांटवर, स्वतंत्र चार्ज! वर्तक म्हणाले, तिथे कोणी आठवडाभर टिकत नाही दिनानाथ, तुम्ही टिकाल. चिकाटीची कदर झाली एकदाची.

३० जानेवारी, सायं. ७
पहिला दिवस उत्तम. कंपनीच्या बसमध्ये शेजारी कोणी बसलं नाही, ऐसपैस आलो.
आमची जाई सहा वर्षांची. रोजच्यासारखी बाबा बाबा करत धावत आली आणि मध्येच थांबली. नाक दाबून आईच्या मागे गेली. मीनाने आंघोळीचं पाणी काढलं.
मोरीत शर्ट काढला. तोंडाशी धरून कितीतरी वेळ हुंगला. काहीच येईना.