ताई जाऊन जाऊन जाणार कुठे?

ब्राह्मण आळी, भिवंडी
१९ ऑगस्ट १९९२

प्रिय सुधीर,

तुझं पत्र काल तुझ्या लेकीने, सुनीतीने हातात दिलं. पोरीला पाणी विचारायच्या आधी ते उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही तळपायांची, आग लागायला पाय धड असावा लागत नाही. तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. पहिली, गाडी दापोड्याच्या भंगारवाल्याला देऊन टाक, मी तुला एक कायमची रिक्षा लावून देतो. दुसरी, सुनीती कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजसाठी हटून बसली आहे, तिला चार दिवस ठेवून घे आणि कल्याणातच बी.एस्सी. कर म्हणून तिची समजूत घाल, ती तुझं ऐकते. दुसऱ्या गोष्टीचं शेवटी लिहीन. आधी गाडीचं बोलू, कारण तिच्याबद्दल मी गेले अडीच महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आहे आणि आता मला ते जमत नाही.

हरीमामा मोंबासाहून कायमचा परतला तेव्हा ही जपानी गाडी बोटीतून घेऊन आला. बंदरावर तिला उतरवून घ्यायला तूच गेला होतास. शेवटच्या आजारपणात मामाने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की या गाडीला क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, डाव्या पायाला काडीचं काम नाही, तेव्हा ही गाडी विद्युल्लतेची. माझं नाव ऐकून तू हसलास. मला वाटलं, आनंदाने हसतो आहेस. चाळिशी उलटलेली, डाव्या पायाला कॅलिपर लावून चालणारी, घरात गणिताच्या शिकवण्या घेणारी तुझी बहीण गाडी शिकली तेव्हा अख्खी आळी ओट्यांवर बसून बघत होती. पहिल्या दिवशी मी गाडी कल्याण नाक्यापर्यंत नेली आणि परत आणली. घरी येऊन मी दार लावून रडले होते, हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

मग यंदाच्या एप्रिलमध्ये गाडीखाली लाल तेलाचे डाग दिसायला लागले. तू सुट्टीच्या दिवशी कल्याणहून आला होतास. म्हणालास, ताई, तू गॅरेजच्या चिखलात कशाला येतेस, मी नेतो. निजामपुऱ्याच्या टोकाला पंढरी मिस्त्रीकडे तू गाडी नेलीस, संध्याकाळी धुऊनपुसून आणून दारात लावलीस आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणालास, निर्धास्त चालव. मी तुझ्यासाठी श्रीखंड केलं होतं. आठवतं ना? दोनदा मागून घेतलंस.

मे महिन्यात मी कुणाला न सांगता गणेशपुरीच्या शाळेत मुलाखतीला निघाले. कायमची जागा होती, गणिताची. आयुष्यभर मी घरच्या सतरंजीवर बसून दुसऱ्यांच्या शाळांतली पोरं पास केली. मला एकदा स्वतःच्या फळ्यासमोर उभं राहायचं होतं, निकाल लागल्याशिवाय कुणाला सांगायचं नव्हतं. ऊन रणरणत होतं, पुढे ट्रकांची रांग. अंबाडी मागे टाकली आणि करपल्याचा वास आला. मग धूर. इंजिन घुमतंय, मी पाय दाबतेय आणि गाडी जागची हलत नाही. खाली बघते तर सगळं तेल रस्त्यावर. कडेला काकड्या घेऊन बसलेली गुणाबाई नावाची बाई धावत आली. म्हणाली, बाय, इंजान चालू हाय नि गाडी हालत न्हाय, ह्यो काय परकार? तिनेच मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. एसटी आली, पण गच्च भरलेली, पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच, आणि चढेपर्यंत थांबायला कंडक्टरला वेळ नव्हता. मी इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर सर्टिफिकेटं घेऊन, काकड्यांच्या टोपलीशेजारी बसून राहिले. शाळेने दुसरी बाई घेतली. चांगली असेल. वेळेवर तरी पोचली.

त्या एसटीकडे बघताना मला कोण आठवलं असेल? तू. हाफ चड्डीतला. मी पाय ओढत मागून यायची आणि तू पुढे धावत जाऊन बसच्या पायरीवर उभा राहायचास, दांडा दोन्ही हातांनी धरून. कंडक्टर ओरडला तरी उतरायचा नाहीस. माझी ताई येतेय, ती आल्याशिवाय बस सुटणार नाही, म्हणायचास. मला त्या दिवशी वाटलं, सुधीर इथे असता तर ही बस हलली नसती. इतकी मी मूर्ख.

गाडी टोचन करून पंढरीच्या गॅरेजमध्ये आणली. त्याने खाली वाकून बघितलं आणि माझी नजर चुकवायला लागला. मी स्टूल मागवलं आणि म्हटलं, खरं सांगेपर्यंत मी इथून उठत नाही. मागे कापडाचे लूम खडखडत होते, त्यामुळे त्याला ओरडून सांगावं लागलं, आणि आजूबाजूच्या चार जणांनी ते ऐकलं. या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल तापतं, म्हणून ते एका नळीने पुढे रेडिएटरपाशी जातं, थंड होतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. त्या नळ्यांचं रबर कुजलं होतं. नवे पाइप मुंबईहून आणावे लागले असते. तू त्याला काय सांगितलंस? तो म्हणाला तसंच लिहिते: ताई, भाऊ बोलले, नवीन पाइप कशाला पायजे, गिअरबॉक्सची दोन्ही तोंडं तिथल्या तिथे जोडून टाक. मी बोललो ना, फिर तेल थंड नाय होणार, गाडी लंबी जाणार नाय. तर भाऊ बोलले, लंबी जायचीच नाय. मंडई, बँक नि देऊळ. ताई जाऊन जाऊन जाणार कुठे?

सुधीर, तू पैसे वाचवायला हे केलं असतंस तर मी एवढी चिडले नसते. तू कंजूष नाहीस. तू माझं आयुष्य मोजलंस, मंडईपासून देवळापर्यंत, आणि त्या मापाची गाडी करून आणलीस. वर मला निर्धास्त चालव म्हणालास. रस्त्यात माझं बरंवाईट झालं असतं, हा माझा मुद्दाच नाही. तुला वाटलं असणार की ताई सुखरूप राहील. मला ठाऊक आहे, तू प्रेमानेच केलंस. त्याचाच तर संताप येतो. शत्रूने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. लहानपणी माझ्यासाठी बस अडवून धरायचास, मोठा झालास तसा मलाच अडवून धरायला लागलास, आणि दोन्ही वेळा तुझा चेहरा सारखाच असतो, मोठं काम केल्यासारखा.

तर आता ऐक. गिअरबॉक्स उघडून घेतला, आतलं जळलेलं सगळं बदललं. नळ्या मी पहिल्यासारख्या बसवू दिल्या नाहीत. जिथे नळी एका जागी राहते तिथे पोलादी, आणि जिथे इंजिनबरोबर हलते तिथे क्रेनला लावतात तसला जाड पाइप, टोकं यंत्रावर दाबून घेतलेली. तो दापोड्याला ट्रकवाल्यांसाठी बनतो, तिथे मी स्वतः गेले. रिक्षाने गेले, तुला बरं वाटावं म्हणून सांगते. रेडिएटरच्या पुढे तेल गार करायला आणखी एक जाळी लावली. पंढरी म्हणाला, बाई, एवढ्याशा गाडीला एवढा तामझाम कशाला? मी म्हटलं, तू लाव. त्याने लावलं. माझ्या शिकवणीच्या पोरांकडून गणितं घेते तशी मी त्याच्याकडून प्रत्येक जोड दोनदा पुसून, तपासून घेतली.

मागच्या रविवारी गाडी कसाऱ्याच्या घाटात नेली. वर गेले, गाडी थांबवली, खाली वाकून नळ्यांवरून कोरडं फडकं फिरवलं. एक थेंब नाही. मग घाट उतरून घरी आले. तू विचारशील, घाटात कशाला कडमडायला गेली होतीस? खंडाळ्याचा घाट चढायचा तर आधी जवळच्या घाटात बघायला नको का?

आता दुसरी गोष्ट. सुनीती इथे येण्याआधीच, बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी, तिचा मला फोन आला होता. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, आत्या, बाबा म्हणतात, मुलीला घराजवळचं कॉलेज पुरे, शिकून शिकून करणार काय? तुझा तोच सूर, सुधीर, फक्त शब्द बदललेत. तिच्याही नळ्या तू तिथल्या तिथे जोडायला निघालास. मी तिची समजूत घातली आहे. उद्या पहाटे आम्ही दोघी कराडला निघतो. तिथे प्रवेशाच्या वेळी पालक म्हणून मी उभी राहीन. हे पत्र मी वाटेत पेटीत टाकणार, तेव्हा तुला मिळेल तोवर ती वसतिगृहात पोचलेली असेल. आपल्या बायकोला, प्रमोदिनीला, बोलायचं नाही. चार दिवसांसाठी म्हणून ती लेकीची एवढी मोठी ट्रंक भरत होती, तेव्हा तू तिला काही विचारलंही नाहीस. रागावायचं तर माझ्यावर रागाव, मला सवय आहे. कल्याणवरूनच जावं लागेल, तुझ्या घराच्या कोपऱ्यावरून. तिथे मी हॉर्न वाजवणार आहे. झोपेत ऐकू आला असेल तर आता ओळख, बस सुटली.

अजूनही,
तुझीच ताई