अगाताताईचा सत्कार

कुंदियावा,
३ नोव्हेंबर

चि. बोमाईस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. मानवी हक्कांचा पुरस्कार, आणि मला? पाठच्या भावानं बहिणीचं नाव सुचवायचं, ही कुठली रीत रे! पण खोटं कशाला बोलू, वाचून ऊर भरून आला.

सध्या घरात विनी नावाची एक बाई आहे. तिचा पुतण्या तापानं गेला आणि दिरांनी तिलाच चेटकीण ठरवलं. त्यांनी पाठ भाजलीय, पालथी झोपते. मी चूल पेटवली की ती परसात जाऊन बसते. ती इथं आहे हे पाद्रीबाबांना नि मलाच ठाऊक, आता तुला. कुठे बोलू नकोस.

तुझी,
ताई

पोर्ट मोर्सबी,
१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
बोमाईचा शि. सा. न.

तुझं नाव पक्कं झालं! समारंभ दहा डिसेंबरला, इथं राजधानीत; विमानाचं तिकीट पुरस्कारवालेच पाठवणार. माझी बायको म्हणते, वन्संना आता चपला घालाव्या लागतील!

कालच्या पेपरात तुझा फोटो आलाय. मीच दिला, नाताळात काढलेला: तू अंगणात, मागे घर. खाली लिहिलंय, चेटकीण ठरवलेल्या बायकांना ही आसरा देते. विनीचं नाव मी काढलं नाही, काळजी नको. ऑफिसात सगळे विचारतात, ही खरंच तुझी सख्खी बहीण का?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बोमाई

कुंदियावा,
२९ नोव्हेंबर

चि. बोमाईस आशीर्वाद.

पेपर इथंही आला. बाजारात त्याच कागदात तंबाखू वळतात. विनीच्या दिरानं घर ओळखलं. रविवारी मी प्रार्थनेहून परतले, तर दार मोडलेलं, विनी घरात नाही. पोलिसांकडे धावले. फौजदार म्हणाला, गाडीत पेट्रोल नाही, आणि बाई, तुम्ही आता मोठ्या झालात, मोर्सबीलाच सांगा.

विनी दुसऱ्या दिवशी नदीकाठी सापडली. पाद्रीबाबांनी नि मी तिला पुरलं. तिच्या माणसांपैकी कुणी आलं नाही.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. बहिणीचं कौतुक वाटलं तुला, एवढंच. समारंभाला मात्र मी येणार नाही.

काल आणखी एक बाई आली. कान फाटलेला, कडेवर मूल. म्हणाली, पेपरात बघून आले. मी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. हे घर आता सगळ्यांना ठाऊक झालंय, पुढे जा, म्हटलं. तिनं विचारलं, पुढे म्हणजे कुठे? मग ती उतरणीला लागली. मूल झोपलेलं होतं.

मुलांना जवळ घे. माझ्यावर जमेल तेवढी माया ठेव.

तुझी,
ताई