ठके म्हणून मारलेली हाक

उंद्री

कडूबाभाऊंना चिंतामणचा रामराम.

तुम्ही तुमच्या गावी, धाडला परत गेलात आणि तुमच्या बहिणीनं पुन्हा जेवण सोडलं. या आजारात माणसं तर ती विसरलीच, पण लग्नात मी ताटातल्या तांदळावर लिहिलेलं सत्यभामा हे नावही विसरली. मी तरी ते कधी उच्चारलं? जन्मभर नुसतं "अवं, आयकलं काय?"

सून म्हणाली, "आबाजी, धाडचे मामा हाक मारत तवा त्या जेवत. तुमीच मारून पाहा ना तशी."

काल दार लोटून घेतलं आणि तुमच्यासारखं तिच्या माहेरच्या नावानं भीत भीत म्हणालो, "ठके, उठ वं."

तिनं डोळे उघडले. "भाऊ, आला काय तू?"

मी "हाव" म्हणालो. तिनं माझ्या हातून वाटीभर आंबील घेतली. मग हळूच विचारलं, "थो म्हातारा कोन हाय रे? दिवसभर दारात उभा राह्यते."

"असंन कोनी. तू खाय."

आज तिनं मला ओळखलं आणि पुन्हा जेवण सोडलं तर, या धास्तीनं तुम्हाला बोलावायला बसलो. पण भाऊ, तुम्ही आलात की मला पुन्हा दारातच उभं राहावं लागेल. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा,
चिंतामण